गोड्या विहिरीची सोनूबाई

सोनूबाईच्या आणि माझ्या घरामध्ये एकच कूड. कारवीचा, शेणामातीने लिंपलेला. तिच्याकडे बोंबील तळले की वास आधी माझ्या नाकात यायचा, मग तिच्या नवऱ्याच्या, तुळशीदासाच्या, ताटात. नवऱ्याला झापलं की तेही तसंच, आधी मला ऐकू यायचं. त्यामुळे तिच्यावर लिहायचा हक्क आमच्या गावात माझ्याइतका कोणाला नाही. बाई अजून धडधाकट आहे, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. तिला वाचता येत नाही ही माझी मोठी सोय. सून वाचते, पण तिला मी फितवून ठेवलंय.

आमचं खारणे म्हणजे बोरिवलीच्या खाडीपलीकडचा कोळीवाडा. कागदावर मुंबईत, एरवी कुठेच नाही. बोरिवलीच्या काठाला वीज, नळ, डॉक्टर, भाजीबाजार. ह्या काठाला आम्ही आणि आमचे डास. मधे एक तर, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी, आणि तिचा तांडेल मनात येईल तेव्हा ती सोडणार. धक्क्यावर माझं चहाचं दुकान. तेव्हा कोण आलं, कोण गेलं, कोण रुसून माहेरी चाललीय, हे मला तरीच्या आधी कळायचं.

तीन बाजूंनी समुद्र. कुठेही खणा, खारंच पाणी. फक्त गावाच्या मागल्या अंगाला चिंचेखाली एक विहीर गोड. तिला आम्ही गोडी विहीरच म्हणतो, दुसरं नाव शोधायची कोणाला गरज पडली नाही. गोरेगावहून शूटिंगवाले यायचे, त्यांना ती विहीर फार आवडायची. नटी नऊवारी नेसून आमच्या विहिरीवर हंडा घेऊन नाचायची आणि तहान लागली की थर्मासमधलं पाणी प्यायची. आम्ही हसायचो. काय यार, एवढं अमृत समोर असताना बाटलीतलं पितात!

विहिरीत एक कासव होतं. किनारपट्टीच्या गावांत विहिरीत कासव सोडायची रीत आहे, ते पाणी राखतं म्हणतात. आमचं कासव मात्र गावाचं नव्हतं, एका घराचं होतं: सोनूबाईच्या सासरचं. तिच्या आजेसासऱ्याने ते सोडलं, म्हणून त्याचं नाव आजोबा. मोसमाची पहिली होडी आली की पहिली मूठ जवळा आजोबाची. गावात नवी सून आली की तिला विहिरीवर न्यायचं, आजोबाने डोकं वर काढलं की मगच तिने पहिली कळशी भरायची. आणि हे सगळं करायचा मान त्या घरच्या थोरल्या सुनेचा. सोनूबाई अख्ख्या गावाला उभं-आडवं बोलायची, पण विहिरीवर गेली की पदर डोक्यावर. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुळशीदाससमोर कधी पदर घेतला नाहीस, कासवासमोर बरा घेतेस!" तर म्हणाली, "आजोबा उलट बोलत नाय रे, तुज्यासारका."

पासष्टच्या पावसात गावात ढाळ-उलटीची साथ आली. पटकी. तर बंद, खाडी उसळलेली, डॉक्टर पलीकडच्या काठाला. सोनूबाईची धाकटी लेक वनमाला, शाळेत जाणारी, केसांना लाल रिबन बांधून माझ्या दुकानासमोरून उड्या मारत जाणारी. तिला सकाळी ढाळ सुरू झाले. पोर तहानलेली, पाणी-पाणी करायची, आणि सोनूबाई तांब्यावर तांब्या पाजायची. गोड्या विहिरीचं, ताजं उपसलेलं. दिवेलागणीला वनमाला गेली. कुडापलीकडून रडणं येईल म्हणून मी वाट बघत बसलो होतो. आलं नाही. नुसता तांब्या घासल्याचा आवाज येत राहिला, राखेने, कितीतरी वेळ.

त्या पावसात गावातली आणखीही मुलं गेली. नावं नको.

पाऊस ओसरला तसा तरीतून एक माणूस उतरला. हातात पत्र्याचा डबा, खांद्याला पिशवी, अंगावर खाकी शर्ट. राजाराम. आरोग्य खात्यातला, मूळ साताऱ्याकडचा, राहायला कुर्ल्याला. मी चहा दिला आणि सवयीप्रमाणे आडनाव, गाव, घरी कोण सगळं काढून घेतलं. छप्पन सालापासून घर बौद्ध झालंय, हे त्याने न विचारता सांगितलं, कपात बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं, "साखर ठीक आहे ना?" तो म्हणाला, "झकास."

डब्यात पांढरी पूड होती. पाणी शुद्ध करायची. ती बादलीत कालवायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी संध्याकाळी विहिरीत सोडायचं, सकाळी उपसा सुरू. एवढंच काम. राजारामने विहिरीवर जमलेल्या बायकांना ते समजावून सांगितलं, आणि बायकांनी त्याला खाऊन टाकायचं तेवढं बाकी ठेवलं.

सगळ्यात पुढे द्रौपदी. ही सोनूबाईची बाजारातली सवत. दोघी बोरिवलीच्या बाजारात शेजारीशेजारी पाट्या लावायच्या आणि एकमेकींचं गिऱ्हाईक ओढायच्या. द्रौपदी म्हणाली, "ह्या भुकटीने आजोबा मरंल. मग पाणी कोण राखंल? तू राखशील, घाटावरल्या?"

राजाराम विहिरीपासून चांगला लांब, चिंचेच्या पलीकडे उभा राहून बोलत होता. सोनूबाई अजूनपर्यंत गप्प होती. गप्प सोनूबाई म्हणजे गावाला भीतीच. ती म्हणाली, "तितनं काय भुतासारका बोलतोस? वर ये काठावर."

"ताई, मी काठावर चढलो तर उद्या पुडीचं कोणी बोलणार नाही, माझंच बोलतील. तुम्ही बादली घ्या. मी सांगतो तसं करा."

सोनूबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "आजोबा मरंल का?"

आता दुसरा कोणी साहेब असता तर म्हणाला असता, छे हो, काही होत नाही. राजाराम म्हणाला, "मला ठाऊक न्हाई. माणसाला काही होत न्हाई, ते ठाऊक हाय. कासवाचं कधी कोणी विचारलं नव्हतं."

मला वाटलं, संपलं. वाट लागली बिचाऱ्याची. पण सोनूबाई घरी गेली आणि मासळीची पाटी घेऊन आली. पाटीला दोर बांधला, आत मूठभर जवळा टाकला आणि ती विहिरीत सोडली. वासाने आजोबा पाटीत चढला. तिने पदर डोक्यावर घेतला आणि आजोबाला ओढून वर काढलं. गावाने त्याला पहिल्यांदा अख्खा बघितला. पाठीवर शेवाळ, पाय आखडलेले, तोंड पंचायतीच्या सभेत झोप मोडलेल्या म्हाताऱ्यासारखं.

"पूड टाक," ती म्हणाली. "आजोबा माज्या घरी ऱ्हाईल. वास गेला की सोडीन."

आजोबा आमच्या शेजारी राहायला आला, मासे खारवायच्या टपात, वरून जाळं टाकून. कुडापलीकडे खरखर ऐकू यायची. तुळशीदास वैतागून म्हणाला, "बाप जिवंत असताना एवढी सेवा नाय केली कोणी." मी माझ्या बाजूने ओरडून दाद दिली.

दोन दिवसांनी, सकाळी, अख्खं गाव विहिरीवर. सोनूबाईने पाटी सोडली. आजोबा पाण्यात उतरला आणि खाली गेला. गेला तो गेलाच. बायका वाकून बघतायत, पाण्यावर चिंचेची पानं सोडून काही नाही. दुपार झाली. कोणी हंडा भरेना. मी चहाची किटली घेऊन तिथेच दुकान मांडलं, धंदा झकास झाला, पण एकही कप कोणी चवीने प्यायला नाही. त्या पाण्याचा चहा नव्हताच तो, पलीकडून आणलेल्या पाण्याचा होता. विहिरीचा असता तर कोणी कपाला हात लावला नसता.

"मारलंस," द्रौपदी म्हणाली. "सोन्ये, घराचं देवपण तू आपल्या हाताने मारलंस."

सोनूबाई काठावर बसून होती. तिने उत्तर दिलं नाही. ज्या बाईने आयुष्यात एक टोमणा परत केल्याशिवाय सोडला नव्हता, ती बाई! मी तिच्याकडे बघत राहिलो. कासव मेलं तर ह्या गावात तिला कोणी पाणी देणार नव्हतं, आणि गाव पुन्हा बिनपुडीचं पाणी पिणार होतं, येत्या पावसातही, त्याच्या पुढच्याही. तिला ते सगळं कळत होतं. तरी ती उठली नाही.

उन्हं उतरली तेव्हा पाण्यातून अंगठ्याएवढं डोकं वर आलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि पुन्हा खाली.

पहिली कळशी सोनूबाईने भरली. मग रांग लागली. द्रौपदी शेवटी आली आणि म्हणाली, "दवाखान्याचा वास येतो मेला." पण भरलं.

त्यानंतरची वर्षं मी डोळ्यांनी पाहिली म्हणून सांगतो, नाहीतर माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. राजाराम महिन्यातून एकदा डबा आणून द्यायचा, बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन थेंब टाकून औषध पुरतंय का बघायचा आणि मान हलवायचा. बाकीचं सगळं सोनूबाई. बाजारातून दमून आली, पाटी उतरवली की आधी विहीर. पूड कालव, गाळ बसू दे, निवळ सोड, बादली खालीवर करून ढवळ. पावसात रोज, एरवी राजाराम सांगेल तसं. जास्तीचं औषध टाकायचं असेल तेव्हा आधी आजोबाला पाटीतून काढायचं, टपात ठेवायचं, परत सोडायचं. अंगात ताप असताना केलं. मुलाच्या हळदीच्या दिवशी केलं, पिवळ्या हातांनी. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. विहिरीचा काठ उंच बांधून घ्यायला तिने तांडेल लोकांना असं काही बोलून लाजवलं की ते मी इथे लिहू शकत नाही. काठ मात्र बांधला गेला, पावसाचं लोंढ्याचं पाणी आत जायचं थांबलं. आणि बांधून झाल्यावर तिने राजारामला हाताने धरून त्यावर चढवलं आणि म्हणाली, "आता सांग रे वर उबा ऱ्हावून, काय सांगायचं ते." कोणी काही बोललं नाही. बोलायला सोनूबाईच्या तोंडाला तोंड द्यायला हवं ना!

माझा चहा मात्र बिघडला. वास! गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. मी आलं ठेचून घालायला लागलो, तेव्हापासून माझ्या चहाचं नाव झालं. म्हणजे त्यातही तिचाच हात.

शेजारपाजारच्या पाड्यांत पावसात साथ यायची. आमच्याकडे येईना. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, लोक त्याबद्दल बोलेनासेच झाले. विचारलं की म्हणायचे, आजोबा राखतो. आजोबा पितो ते पाणी, आम्हीही पितो. औषध जणू आजोबाला लागलेली एखादी खोड, तंबाखूसारखी. म्हाताऱ्याला चालते ना, मग चालू दे.

बहात्तर साल कोरडं होतं. वैशाखात विहिरीचं पाणी खाली, तळाचे दगड दिसायला लागलेले. एका सकाळी, गाव उठायच्या जरा आधी, सोनूबाईला आजोबा पाण्यावर तरंगताना दिसला. उलटा.

तिने पाटीने काढला आणि पदराखाली झाकून घरी आणला. कुडापलीकडे कुजबूज सुरू झाली. मी चहाचं आधण तसंच ठेवलं आणि कुडाशी गेलो. शेजारधर्म म्हणून.

तुळशीदास म्हणत होता, "म्हातारा झाला व्हता, गेला. तू गप ऱ्हा. खाडीच्या वरल्या अंगाला तळ्यात असली कासवं पैशाला पासरी. संध्याकाळच्या आत दुसरा आनून टाकतो. कोन वळखतो?"

मी कुडातून म्हणालो, "वहिनी, पाठीवर जरा शेवाळ चोळ, अगदी सख्खा भाऊ दिसेल."

"दादू, आत ये," ती म्हणाली.

मी गेलो. आजोबा टपात. त्या दिवशी राजारामचाही फेरा होता, पहिल्या तरीने आला आणि बातमी अंगावर पडून तो दारातच बसला. त्याचं तोंड उतरलं. शेवटी तोच म्हणाला, "ताई, तुळशीदासदादा सांगतात ते करा. पाऊस तोंडावर आलाय. एवढे चार महिने निघू द्यात. लोकांनी पाणी सोडलं अन् तळ्याचं प्यायला लागले तर..." त्याने डबा मांडीवर घेतला. "खोटं हाय, मला कळतंय. पण पोरं वाचतील."

तो बरोबर बोलत होता. तुळशीदासही बरोबर बोलत होता. मी तर कायमच बरोबर बोलतो. सोनूबाई टपाकडे बघत होती.

"साथ आली तवा आजोबा जिता व्हता," ती म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही.

"माजी वनमाला तानेली व्हती. मना संशय आला पान्याचा, गढूळ वाटला. मी विहिरीवर गेली. बघलं तं आजोबा वर आलेला, मस्त. मनात म्हनलं, आजोबा हाय, पानी चांगला हाय. आनून पाजला." तिचा आवाज अगदी रोजचा होता. "कासव जगतो तसल्या पान्यात. पोरी नाय जगत. हे मना त्या दिवसापासून ठाऊक हाय."

म्हणजे इतकी वर्षं. इतकी वर्षं ती पदर डोक्यावर घेऊन त्या कासवाला पाटीतून काढत होती, टपात ठेवत होती, सोडत होती, पहिला घास देत होती, सगळ्या नव्या सुनांना त्याच्या डोक्याची वाट बघायला लावत होती. का, तर गाव कासवावर भरवसा ठेवतंय, औषधावर नाही, आणि गावाने पाणी तरी प्यायला पाहिजे. पोर ज्याच्या भरवशावर गेली त्याचीच सेवा. मी शेजारी राहतो. मला तिच्या घरातल्या फोडणीतली मोहरी तडतडलेली कळते. हे मला कळलं नव्हतं.

तुळशीदास हळूच म्हणाला, "आता चार महिन्यांनी सांगू ना, सोनू."

"चार महिन्यांनी दुसरा कासव दिसंल वर. मग कोन सांगंल? तू?" ती उठली. "आनि उद्या कुनाच्या पोरीला ढाळ लागले तं तिची आयस जाईल बघाया, आजोबा हाय ना वर. नाय. माज्या हाताने परत नाय."

तिने टप उचलला. राजाराम पुढे झाला, तर म्हणाली, "तू डबा घे तुजा."

विहिरीवर सकाळची गर्दी होती. सोनूबाई काठावर गेली, आजोबाला केळीच्या पानावर ठेवला आणि सगळ्यांना बघू दिला. रहाटाचा आवाज थांबला. एका म्हातारीने हात जोडले, एक पोर रडायला लागलं.

"आजोबा गेला," सोनूबाई म्हणाली. "दुसरा नाय आननार. पानी आजोबा राखत नव्हता. मी खोटा बोलत व्हती. पानी हा राखतो," असं म्हणून तिने राजारामच्या हातातल्या पत्र्याच्या डब्याला बोट लावलं. "साथ आली तवा आजोबा व्हता, डबा नव्हता. डबा आला, साथ नाय आली. ज्याला पटंल त्याने भरा. नाय पटंल त्याने माजं तोंड बघू नका. मान आजपासून माज्या घराचा नाय."

एवढं बोलून तिने कासव पानासकट उचललं आणि चालू लागली. चिंचेपलीकडे, कुंपणाच्या निवडुंगाकडे. मागे वळून बघितलं नाही. मला वाटत होतं की बघेल. एवढी वर्षं घातलीस, बाई, बघ तरी, पाणी भरतायत का ओतून देतायत! नाही. तिची पाठ लहान होत गेली.

मी मात्र थांबलो. मला बघितल्याशिवाय कसं जमेल?

कोणी हलेना. कोणी रिकामा हंडा कमरेवरून खाली ठेवला. एक जण तळ्याच्या वाटेकडे बघू लागली. राजाराम डबा छातीशी धरून उभा, घाम पुसायचंही भान नाही.

आणि द्रौपदी पुढे झाली. आता ही सोनूबाईला कच्चं खाणार म्हणून मी पायरीवर जागा करून घेतली. द्रौपदीने बादली सोडली, ओढून वर काढली, तिच्यात नाक घातलं. मग डोकं वर करून राजारामकडे बघितलं.

"काय रे घाटावरल्या, वास कुटं हाय?"

"आं?"

"वास! कालची पूड टाकली का नाय टाकली? पानी कमी झाला म्हनून औषधात चोरी करता का? वास आल्याबगर मी हंडा भरनार नाय, सांगून ठेवते!"

राजारामने घाईघाईने बाटली काढली. थेंब टाकले. बायका त्याच्याभोवती कोंडाळं करून उभ्या. बाटलीतलं पाणी पिवळसर झालं, फिकट पण पिवळं. "हाय, मावशी. पुरेसं हाय. पण संध्याकाळी वाढवतो."

"वाडव," द्रौपदी म्हणाली आणि हंडा भरला. मग कळशी भरली. "काय बगता? सरका, बाजाराला उशीर व्हतो." रहाट फिरायला लागला.

मी धावत सुटलो. हा पोटाचा घेर सांभाळत मी इतका धावलेला गावाने पाहिला नव्हता. निवडुंगाजवळ सोनूबाई गुडघ्यांवर बसून खापरीने माती उकरत होती. कडक माती, कोरड्या सालाची.

"वहिनी! भरलं!"

"कुनी?"

"द्रौपदीने. वास कमी येतो म्हणून राजारामला झापलंन आणि दोन भांडी भरून नेलीन."

तिने हात थांबवला.

"बाकीच्यांनी?"

"रांग लागलीय."

"मग तू हितं काय उबा? तितनं कुदळ आन. एका खापरीने किती खनू?"

मी कुदळ आणली आणि खणायला लागलो.